मधून मधून

मेसेज आला तेव्हा ती जिन्यातच उभी होती, पहिल्या मजल्यावरच्या बंद दारासमोर, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसरा हात कठड्यावर. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. सहकार्याबद्दल आभार.' तिनं तो दोनदा वाचला. मग मान वर करून हलकेच श्वास आत घेतला, ऊन दुधाच्या पातेल्यावर वाकून आपण घेतो तसा, सावधपणे. वास होता. सडक्या कांद्यासारखा, पण त्याहून पातळ, आणि त्यात काहीतरी धातूचं. तो नाकात शिरला, टाळूला टेकला आणि दुसरा श्वास घेईपर्यंत नाहीसा झाला. जिन्याच्या खिडकीतून वारा येत होता. वारा पडला की वास यायचा, वारा सुटला की जायचा, एवढं तीन दिवसांत तिच्या ध्यानात आलं होतं. मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यातल्या नोकरीवरून परतताना तो पहिल्यांदा आला, तेव्हाच तिनं गॅस कंपनीला फोन केला होता, तक्रार क्रमांक लिहून घेतला होता, 'आमचा माणूस येईल' हे ऐकून घेतलं होतं. आज गुरुवार. निवारण झालं होतं, आणि निवारण झालेली गोष्ट तिच्या टाळूला अजून चिकटून होती.

वर गेली तर सासरे दार उघडायला आले तेच विजयी चेहऱ्यानं. "येऊन गेला गं तुझा गॅसवाला. अकरा वाजता. शेगडीला लावलं यंत्र, पाइपला लावलं, मीटरला लावलं. शून्य." त्यांनी शून्य हा शब्द असा उच्चारला की त्यात त्यांची सगळी नोकरी सामावली होती. पस्तीस वर्षं ते दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडले होते. पोटाचा काटा सोडून यांनी सगळे काटे तपासले, असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या. काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हा त्यांचा सिद्धान्त. आणि तो इतक्या वर्षांत इतक्या दुकानदारांनी खरा करून दाखवला होता की त्यावर वाद घालायची सोय नव्हती. "पण बाबा, वास आपल्या घरात नाहीच. खाली, गाणेबाईंच्या दाराशी येतो. मी फोनवर तसंच सांगितलं होतं." "त्याच्या कागदावर आपलंच घर होतं," ते म्हणाले, "आणि गाणेबाई तर लेकीकडे गेल्यात. बंद घरात कोण गॅस सोडणार?" हे म्हणताना ते हसले, आणि तीही थोडी हसली, कारण बंद घरात कोण गॅस सोडणार, या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं. पिशवीतली भाजी निवडताना मात्र तिला वाटलं, प्रश्न हसण्यासारखा नाही.

गाणेबाई म्हणजे खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई. पूर्वी शाळेत गाणं शिकवायच्या म्हणून इमारतीतली पोरं त्यांना गाणेबाई म्हणायची, आणि मग सगळेच म्हणू लागले. त्या असल्या की सकाळी त्यांचा एकच स्वर जिन्यातून वर चढत यायचा आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना किंचित थरथरवायचा. त्या गेल्यापासून ती जागा रिकामी होती. आता तिथूनच काहीतरी वर येत होतं, पण त्याला आवाज नव्हता.

नवऱ्याला तिनं शनिवारी सांगितलं. तो तिच्याबरोबर खाली उतरला, दाराशी उभा राहिला, दोन-तीनदा नाक वर करून हुंगला. त्या वेळी वारा चांगला वाहत होता. "नाही गं," तो म्हणाला. मग जिना चढताना त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "परत सुरू झालं का?" त्याला चिडवायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. गेल्या वर्षीच्या तापानंतर दोन महिने तिला रबर जळाल्याचा वास येत होता. नसलेला. उशीत, पाण्याच्या पेल्यात, स्वतःच्या केसांत. तिनं फ्रिजची पिन काढून ठेवली होती, वायरमनला दोनदा बोलावलं होतं, एकदा तर मध्यरात्री उठून सगळ्या घरातले दिवे मालवून बसली होती. शेवटी नाकाचा डॉक्टर म्हणाला की नस बरी होताना असे खोटे वास पाठवते. घाबरू नका, लक्ष देऊ नका. तिनं लक्ष न द्यायला शिकून घेतलं, आणि एके दिवशी रबर निघून गेलं. तेव्हापासून घरात एक विनोद होऊन बसला होता: काही करपलं की नवरा म्हणायचा, आधी हिला विचारा, खरं आहे की खोटं. ती स्वतःही हसायची. पण त्या विनोदाच्या तळाशी असं काहीतरी होतं ज्याच्यामुळे आता रविवारी दुपारी, सगळे झोपले असताना, ती एकटी खाली जाऊन त्या दाराच्या वरच्या फटीशी चवड्यांवर उभी राहिली, वास घेतला, आणि मग भिंतीला टेकून विचार करत राहिली की हा वास दारातून येतोय, की माझ्यातून. आपल्याच नाकावर भरवसा नसणं म्हणजे काय, हे कुणाला सांगून कळत नाही. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात. नाक बंद केलं तर माणूस तोंडानं तोच श्वास घेतो.

सोमवारी तिनं पुन्हा फोन लावला, दवाखान्यात, डबा खायच्या सुट्टीत. आधी यंत्रातली बाई बोलली, मग संगीत, मग यंत्रातली बाई, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', मग पुन्हा संगीत. अकरा मिनिटांनी एक खरी मुलगी आली. आवाज गोड, सरळ बसून बोलणारा. तिनं तो ओळखला. तशा बसण्याचं शिक्षण तिलाही मिळालं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात ती सोळा वर्षं फोन घेत होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं की हसून बोला, हसू ऐकू येतं. त्या मुलीचं हसू ऐकू येत होतं. "मॅडम, आपली तक्रार बंद झालेली दिसतेय. गळती आढळली नाही." "कारण तुमचा माणूस आमच्या घरात बघून गेला. वास खालच्या जिन्यात आहे." "हो मॅडम. पण तक्रार आपल्या ग्राहक क्रमांकावर आहे ना." "मग जिन्याची वेगळी नोंदवा." "जिन्याचा ग्राहक क्रमांक सांगता का?" तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिच्या लक्षात आलं की पलीकडच्या मुलीला थट्टा करायची नव्हती. तिच्या समोरच्या चौकटीत आकडा भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसणार. "बरं, मी तातडीच्या यादीत टाकून बघते हं," मुलगी म्हणाली. "फक्त एक सांगा, वास सतत येतो की मधून मधून?"

प्रश्न ऐकून तिची नजर खाली गेली. समोर टेबलावर तिचा स्वतःचा छापील कागद होता, दिवसातून चाळीस वेळा भरायचा तो. नाव, वय, कुठला डोळा. लाली, खाज, पाणी येणं, अंधुक दिसणं. आणि खाली, त्रास सतत की मधून मधून. चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी एका माणसाचा फोन आला होता. संकोची आवाज. "तुम्हाला त्रास देतोय," इथूनच त्यानं सुरुवात केली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पडदा ओढल्यासारखं वाटतं, म्हणाला. तिनं कागदावर पडदा शोधला. पडदा नव्हता. अंधुक होतं, त्यावर खूण केली. "सतत असतं का?" "सतत नाही हो, मधून मधून म्हणा. सकाळी नव्हतं." सततला त्याच दिवशीची वेळ मिळायची, मधून मधूनला सोमवार. तिनं सोमवार सव्वा अकराची वेळ दिली, तो आभार मानून फोन ठेवून मोकळा झाला. सोमवारी डॉक्टरीणबाई तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की बाकावरचे रोगी बोलायचे थांबले. "हा फोन कुणी घेतला? डोळ्याचा पडदा सुटलाय, गुरुवारीच यायला हवा होता." मग त्यांनी कागद पाहिला, सगळं नीट भरलेलं पाहिलं, आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही. यात पडदा शब्दच नाही." पुढच्या महिन्यात नवे कागद छापून आले, त्यात पडदा होता. तो माणूस मात्र त्या दिवशी डोळ्यावर पट्टी बांधून तिच्या टेबलासमोरून गेला, आणि जाता जाता थांबून म्हणाला, "आभारी आहे हं." त्यानं ओरडायला हवं होतं. तो ओरडला असता तर ते कधीतरी संपलं असतं.

"मॅडम? सतत की मधून मधून?" तिला खोटं बोलता आलं असतं. तिला ठाऊक होतं की एका शब्दानं रांग बदलते. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पण घशाशी रबराचा वास आल्यासारखा झाला, नवऱ्याचा हात पाठीवर आला, सासऱ्यांचं शून्य आलं, आणि ती खरं बोलली. "मधून मधून." "ठीक आहे मॅडम," मुलगी हसून म्हणाली, "मग आमचा माणूस सात कामकाजाच्या दिवसांत संपर्क करेल."

मंगळवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या कचेरीत गेली. थंड, स्वच्छ, उंच छताची खोली. खुर्च्या एकमेकींना खालून दांडीनं जोडलेल्या, त्यामुळे टोकाचा माणूस हलला की सगळी रांग हलायची. भिंतीवर पडद्यावर आकडे बदलत होते. तिचा आकडा आला तेव्हा खिडकीतला माणूस चष्मा पुसत होता, आणि तिचं सगळं ऐकून होईपर्यंत पुसत राहिला. "वास तुमच्या घरात नाही," तो म्हणाला. "नाही." "ज्या घरात आहे असं तुम्ही म्हणता, ते तुमचं नाही." "नाही, शेजारच्या बाईंचं आहे. त्या गावाला गेल्यात." "मग त्या ग्राहकानं तक्रार करायची." "अहो, त्या तिथे नाहीत म्हणून तर मी आलेय!" तिचा आवाज चढला. खुर्च्यांची रांग हलली. त्यानं चष्मा घातला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. वाईट नजर नव्हती, थकलेली होती. "ताई, खरं सांगू? दिवसाला तीस जण येतात वास येतो म्हणून. अठ्ठावीस जणांचा उंदीर मेलेला असतो." "आणि उरलेले दोघं?" तिनं विचारलं. तो खाली वाकून कागद चाळू लागला. पडद्यावर पुढचा आकडा आला होता.

बसमध्ये खिडकीशी बसून ती त्या दोघांचा विचार करत राहिली. ते कुठे राहत असतील, त्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल. तिसांतले दोन म्हणजे महिन्याला किती, असा हिशेब मनात सुरू झाला तेव्हा तिनं तो मोडला. संध्याकाळी तिनं गाणेबाईंचा फोन लावून पाहिला. बंद. सासऱ्यांच्या वहीत बाईंनी जाताना लेकीचा नंबर लिहून ठेवला होता. तिथे घंटी वाजून वाजून थांबली. जेवताना सासरे म्हणाले, "तू आता जिन्यातून नाक धरूनच ये-जा कर, म्हणजे मिटलं." नवरा ताटात बघत होता. तिला अचानक जाणवलं की या दोघांना तिची काळजी वाटतेय, वासाची नाही. आणि त्या काळजीला विरोध करायला तिच्याजवळ काहीच नव्हतं, एका बंद दाराशिवाय.

बुधवारी, बारा चाळीसला, दवाखान्याच्या टेबलावर तिचा फोन वाजला. गाणेबाईंची लेक. "काल तुमचा मिस्ड कॉल होता का? आई सकाळच्या गाडीनंच निघाली हो. तिच्या फोनला चार्जिंग नसेल. दोनपर्यंत पोचेल घरी." बोलता बोलता लेक कौतुकानं म्हणाली, "उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येते तिला, घरात शिरल्या शिरल्या आधी दिवा लावून बसते बघा." फोन कानालाच होता. तिला ते दार उघडताना दिसलं, नऊ दिवस बंद असलेल्या खिडक्या दिसल्या, छताशी साचलेलं काहीतरी दिसलं ज्याला रंग नव्हता, आणि दाराच्या उजव्या हाताचं ते बटण, सगळ्या घरांना एकाच जागी असलेलं, अंधारातही हाताला सापडणारं. टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. बाकावर सात माणसं बसली होती. ती उठली, पर्स घेतली आणि दवाखान्याच्या दारातून बाहेर पडली; सोळा वर्षांत पहिल्यांदा वाजता फोन सोडून.

इमारतीच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा दीड वाजला होता. वर जाऊन तिनं आधी दार पाहिलं. कुलूप होतं. वारा नव्हता, आणि वास या वेळी आला आणि गेला नाही. ती खाली उतरून फाटकाशी थांबली आणि कंपनीचा नंबर लावला. यंत्रातली बाई. संगीत. यंत्रातली बाई. रस्त्यावर ऊन नुसतं पसरलं होतं, समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. संगीताचा तुकडा आठ सेकंदांचा होता. तो संपताना एक सूर अर्धवट तुटायचा, आणि दर वेळी तिचं काळीज त्या तुटण्याशी थांबून पुढे जायचं. तेवढ्यात टॅक्सी आलीच. दोन वाजायच्या आतच. गाणेबाई उतरल्या, घामानं ओल्या, लाल नाकाच्या, एक बॅग आणि एक पिशवी. "अगंबाई, तू कशी या वेळेला? सुट्टी वाटतं?" आवाज सर्दीनं बसलेला.

"बाई, घरात जाऊ नका."

"का गं? काय झालं? चोरी?"

"गॅस साठलाय आत. नऊ दिवस वास येतोय. मी कंपनीला फोन लावलाय, ते येईपर्यंत इथेच थांबू या."

गाणेबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग वर स्वतःच्या खिडकीकडे. "मी शेगडी बंद करून गेलेय. दोनदा बघितलं." "शेगडीचं नाही बाई, पाइपचं असेल." "सहा तास बसून आलेय गं मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात रडू होतं, म्हाताऱ्या माणसाचं, आपलं अंथरूण, आपली मोरी हवी असण्याचं. "मला आधी आत जाऊ दे. खिडक्या उघडते, पाणी पिते, मग बोलू." आणि त्या जिना चढू लागल्या. ती त्यांच्या पुढे धावली, पायऱ्या ओलांडत, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीमागच्या लाकडातून वास येत होता असं तिला वाटलं. "बाजूला हो," गाणेबाई म्हणाल्या. "मला नाही कसला वास येत." "तुम्हाला सर्दी आहे." "आणि तुला गेल्या वर्षी काय झालं होतं ते मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. म्हणून गेल्यावर त्यांनाही वाईट वाटलं, कारण त्यांनी नजर खाली घेतली आणि किल्ल्यांचा जुडगा पुढे केला, तिच्या कुशीवरून, कुलपाकडे. तिनं तो हिसकावून घेतला. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या बोटांतून, ओरबाडून. बाईंच्या अंगठ्यावर पांढरी रेघ उठली आणि हळूहळू लाल झाली. दोघीही ती बघत राहिल्या.

"काय चाललंय तिथे?" वरून सासऱ्यांचा आवाज आला, चपलांचा आवाज आला. वळणावर भरदुपारीही अंधार असायचा, तिथे भिंतीवर जिन्याच्या दिव्याचं बटण होतं, आणि ते उतरताना दर वेळी त्यावर हात टाकायचे. तिला त्यांचा हात वर जाताना दिसला. "दिव्याला हात लावू नका!" ती किंचाळली. असा आवाज आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं. बारा वर्षांत ती त्यांच्यापुढे कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. सासऱ्यांचा हात हवेत राहिला. ते तसेच, हात वर करून, एकेक पायरी चाचपत खाली आले. त्यांनी तिच्या मुठीतल्या किल्ल्या पाहिल्या, बाईंचा अंगठा पाहिला. मग तोंड वर करून, डोळे मिटून, बराच वेळ श्वास घेतला. "मला काही येत नाही," ते म्हणाले. ती खचली. "पण तू ओरडलीस," ते पुढे म्हणाले, आणि गाणेबाईंकडे वळून, "बाई, जरा खाली चला. माझ्यासाठी म्हणून चला."

हातातला फोन तिनं तोडलेला नव्हता; फाटकाशी येऊन तो पुन्हा कानाला लावला, आणि नेमकी तेव्हा पलीकडे हसरी मुलगी आली. सोमवारचीच की दुसरी, कोण जाणे. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" तिनं पाहिलं, गाणेबाई बॅगेवर बसल्या होत्या, अंगठा तोंडात धरून, लहान मुलासारख्या. "गॅस गळतोय," ती म्हणाली. "सतत. एक म्हातारी बाई बेशुद्ध पडलीये." सासऱ्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षांची नजर होती ती, खोटं वजन पकडणारी. तिनंही त्यांच्याकडेच बघत पत्ता सांगितला, मजला सांगितला. ग्राहक क्रमांक कुणी विचारला नाही. मुलीच्या आवाजातलं हसू मात्र एकाएकी गेलं होतं, आणि ते गेल्यावर तो आवाज फार लहान वाटला, विशी-बाविशीचा, घाबरलेला. "सगळ्यांना बाहेर काढा मॅडम. काही पेटवू नका. गाडी निघाली."

गाडी चौदा मिनिटांत आली. तोपर्यंत सासऱ्यांनी खालून हाका मारून, बेल न वाजवता, घरी होते तेवढ्यांना खाली आणलं होतं. आठ घरांतली अकरा माणसं सावली शोधत भिंतीशी उभी होती, कुणी अर्ध्या झोपेतून, कुणी हाताला कणीक लागलेली. काहींच्या चेहऱ्यावर तिला तेच मऊ हसू दिसलं. गाडीतून तिघे उतरले. त्यांतल्या वयस्कर मुकादमानं किल्ल्या मागितल्या, तोंडाला मुखवटा चढवला, हातात यंत्र घेतलं आणि एकटाच वर गेला. सगळे वर बघत होते. मग आवाज आला. यंत्राचा, बारीक, सलग, न थांबणारा. खिडक्या बंद असूनही तो रस्त्यापर्यंत आला. मुकादम धावत खाली आला, तळमजल्यावरच्या मोठ्या नळाची चावी त्यानं दोन्ही हातांनी फिरवली, पुन्हा वर गेला. एकेक खिडकी उघडल्याचा आवाज आला. खूप वेळानं तो खाली आला, मुखवटा काढून फूटपाथच्या कडेला बसला, आणि त्यानं पाणी मागितलं.

"कुणी दार उघडायला गेलं होतं का?" त्यानं विचारलं.

"मी," गाणेबाई म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून तिचं मनगट धरलं, लाल रेघेच्या त्याच हातानं, इतकं घट्ट की तिला दुखलं. तिनं ते सोडवलं नाही.

दुसरा माणूस, हातात फळी आणि कागद असलेला, पुढे आला. "बेशुद्ध बाई कुठे आहे? आणि ही गळती किती दिवसांपासून?" "नऊ," ती म्हणाली. "मी तीनदा कळवलं." त्यानं फोनवर बोट फिरवलं. "या घराच्या नावावर आजचीच पहिली तक्रार दिसतेय. आणि बेशुद्ध माणूस नसताना असं सांगणं म्हणजे..." "मीच ती बेशुद्ध," गाणेबाई बसल्या आवाजात म्हणाल्या. "लिही. आत्ताच शुद्धीवर आले." सासरे एक पाऊल पुढे झाले. "आणि हेही लिहा," ते म्हणाले, "की नऊ दिवस ही सांगत होती, आणि घरच्यांनी ऐकलं नाही. माझं नाव घाला." माणसानं कागद उलटापालटा केला. "तसं लिहायला इथे जागा नाही आजोबा," तो म्हणाला. आणि खरंच नव्हती, तिला तो कागद लांबूनही ओळखता आला असता.

तिला वाटलं होतं की हे असं झाल्यावर आपल्याला हलकं वाटेल. बाजूच्या बायका तिच्याशी बोलत होत्या, कुणी खांद्यावर हात ठेवला होता, कुणी म्हणत होतं, देवासारखी धावलीस. ती ऐकत होती आणि मुकादमाकडे बघत होती. तो उठून तळमजल्यावरच्या पाइपाशी गेला होता. तिथून तो पाइप भिंतीवर सरळ वर चढत होता आणि प्रत्येक मजल्यावर दोन्हीकडे फुटत होता. तो मान मागे टाकून एकेक फाटा बघत होता, ओठ हलवत, मोजल्यासारखा. ती त्याच्याजवळ गेली.

"काय झालं होतं आत?"

"सांधा," तो म्हणाला. "फरशीच्या मागे. गंजून चाळण झालाय. चुकीचा सांधा बसवलाय, पितळेचा हवा होता." तो अजून वरच बघत होता. "हे सगळं काम एकाच वेळी झालंय का इमारतीचं?"

"हो. सात वर्षांपूर्वी. एकाच आठवड्यात, सगळ्या घरांचं."

"माणसं तीच?"

"तीच."

तिच्या मागे बोलणं हळूहळू थांबलं होतं. एकेक जण जवळ सरकला होता. कणकेचे हात असलेल्या बाईनं विचारलं, "मग आमच्या घरातले बघता ना आता?"

मुकादमानं फळीवाल्याकडे पाहिलं. फळीवाल्यानं पेन खिशाला अडकवलं. "आज या एकाच घराची तक्रार आहे," तो म्हणाला, "याची लाइन आम्ही तोडली. बाकीच्यांची चावी परत सुरू करून देतोय, स्वयंपाकाची अडचण नको. ज्यांना वास येईल त्यांनी आपापल्या ग्राहक क्रमांकावर कळवा."

"चावी सुरू करू नका," ती म्हणाली.

"मॅडम, बंद ठेवायला लेखी अर्ज लागतो. प्रत्येक ग्राहकाचा."

मुकादम वाकला, चावीवर हात ठेवून क्षणभर थांबला, कुणाकडेही न बघता. मग त्यानं ती फिरवली. पाइपातून वर काहीतरी चढत गेल्याचा बारीक सळसळता आवाज सगळ्यांनी ऐकला, मजल्यामागून मजला, डावीकडे, उजवीकडे, आणि थांबला. गाडी निघून गेली. उन्हात उभी असलेली अकरा माणसं एकमेकांकडे न बघता माना किंचित वर करून, सावकाश, खोल श्वास घेऊ लागली.